तापाचं दुसरं नाव

शाहूपुरीतल्या बेकरीत सकाळी गर्दी होते ती खारीसाठी. शशिधर शेट्याला खारी मिळाली होती, टोस्ट बांधून व्हायचे होते. शेजारी उभी असलेली बाई त्याच्याकडे वळून म्हणाली, "जरा सरकता का? पिशवी अडकलीय." तो सरकला. काउंटरच्या कडेला अडकलेली कापडी पिशवी बाईंनी सोडवून घेतली, तिच्यात ब्रेड टाकला, त्याच्याकडे बघून ओझरतं हसल्या आणि पायरी उतरून गेल्या. बाहेर स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा शशिधरच्या ध्यानात आलं, की आपला उजवा हात छातीपर्यंत येऊन तसाच थांबलाय. डाव्या हातात खारीचा पुडा होता, त्यामुळे नमस्कार अर्धाच झाला होता आणि तोही पाठीला. मागून कुणीतरी म्हणालं, "पावणं, झालं असंल तर वाट द्या की." तो बाजूला झाला. त्या डॉक्टर सौंदर्या पट्टणशेट्टी होत्या. गेल्या पावसाळ्यात घरच्यांनी आशा सोडल्यावर याच बाईंनी त्याला जगवलं होतं, आणि आज हाताच्या अंतरावरून बघूनही त्यांनी त्याला ओळखलं नव्हतं.

दुकानाकडे चालत येताना तो स्वतःला समजावत होता, की यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. त्यांनी त्याला आडवा पाहिलेला. दाढी वाढलेली, तोंड सुजलेलं, अंगाला नळ्या. त्याच्या पापण्या आतून कशा दिसतात हे त्यांना ठाऊक होतं, लघवीचा रंग ठाऊक होता, पोटरी दाबल्यावर तो कसा कळवळतो ते ठाऊक होतं. सरळ उभा राहिलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात खारी धरलेला शशिधर त्यांनी बघितलाच कुठं होता? आणि असे किती आडवे लोक त्यांच्या हाताखालून गेले असतील. हे सगळं पटत होतं. पण वाईट वाटत नव्हतं म्हणून बरंही वाटत नव्हतं. गेलं वर्षभर रोज सकाळी अंघोळ करून तळहातावर इष्टलिंग घेऊन बसलं, की डोळे मिटल्यावर एक क्षण त्याला या बाईंचा चेहरा दिसायचा. तो चेहरा दिसू द्यावा की नाही हे त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. वडील, सिद्धराम अप्पा, कुरुंदवाडच्या घरात अजून सोवळ्याइतक्या शिस्तीनं पूजा करणारे. त्यांना सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते कोण जाणे. आणि आता तोच चेहरा पिशवी सोडवून, अनोळखी माणसाला द्यावं तेवढंच हसू देऊन निघून गेला होता. वर्षभर आपण ज्याला कृतज्ञता म्हणत होतो ती एका चेहऱ्याला बांधून ठेवली होती, आणि त्या चेहऱ्याच्या ती गावीही नव्हती. मग ती जात कुठं होती, असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्यानं त्याला रस्त्याच्या मधोमध थांबवलं. रिक्षावाल्यानं हॉर्न मारला.

दुकान पशुखाद्याचं. सरकी पेंड, गोळी पेंड, मका भरडा, गव्हाचा भुसा. आजोबांनी कुरुंदवाडहून येऊन शाहूपुरीत थाटलेलं. शटर वर केलं की पहिला वास पेंडीचा येतो, गोडसर, तेलकट, थोडा आंबूस. लहानपणी तो वास अंगाला लागायचा म्हणून शाळेतली पोरं चिडवायची, आता तोच वास छातीत भरून घेतल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे. मागच्या अंगाला गोदाम, दोन पायऱ्या खाली. त्या दोन पायऱ्यांनीच सगळं केलं. पंचगंगेचं पाणी गटारीतून उलटं येऊन आधी त्या पायऱ्यांवर चढतं. दोन हजार एकोणीसच्या पुरात ते माळ्यापर्यंत गेलं होतं. गेल्या वर्षी तेवढं नव्हतं, गुडघ्याएवढंच, म्हणून त्यानं हमालांची वाट न बघता स्वतः धोतरासारखी लुंगी खोचून पोती वर चढवायला घेतली होती. अनवाणी. गोदामात चप्पल घालून जायचं नाही, ती लक्ष्मीची जागा, हे आज्जीनं शिकवलेलं. पाण्यावर भुसा तरंगत होता, मेलेली झुरळं, एक लहान मुलाची चप्पल. टाचेला भेग होती, ती पाण्यात चरचरत होती. पोत्यांच्या थप्पीवर एक उंदीर बसून त्याच्याकडे बघत होता आणि हललाही नाही. शशिधरला तेव्हा त्याची कीवच आली होती. हाही बिचारा घर सोडून वर येऊन बसलाय. पाणी ओसरल्यावर गल्लीत डबकी राहिली, डबक्यांत डास झाले, आणि काही दिवसांनी त्याला थंडी वाजून ताप आला.

गल्लीतल्या दवाखान्यात रक्त तपासलं आणि डेंगी निघाला. त्या वेळचा घरातला सुटकेचा सुस्कारा त्याला अजून आठवतो. त्याची बायको रक्षिता चिक्कोडीकडची. घाबरली की कन्नडमध्येच बोलते. ती अक्काला फोनवर सांगत होती, की डेंगीच आहे, दुसरं काही नाही. दुसरं काही नाही, हे ती ज्या समाधानानं म्हणाली ते समाधान घरभर पसरलं. तापाला नाव मिळालं की माणसं विचारायची थांबतात. शेजारून पपईच्या पानाचा रस आला, कुणी किवी आणली, कुणी शेळीचं दूध. ज्याला त्याला डेंगीवरचा उपाय माहीत होता. मग डोळे लाल झाले, तेव्हा लोक म्हणाले, डोळे आलेत, साथ आहे. पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की वरची चादर सहन होईना, तेव्हा लोक म्हणाले, डेंगीत हाडं मोडल्यासारखी होतात, होणारच. डोळ्यांत पिवळेपणा आला आणि लघवी थांबत आली तेव्हा कुणी काही म्हणालं नाही. त्याला उचलून मोठ्या दवाखान्यात नेलं.

त्यानंतरचं जे काही शशिधरला ठाऊक होतं ते बहुतेक रक्षितानं सांगितलेलं. त्याच्या स्वतःच्या मनात त्या दिवसांना क्रम नव्हता. होतं ते सुटं सुटं, आणि त्यातलं काही असं होतं की ते त्यानं अजून कुणाला सांगितलं नव्हतं, रक्षितालाही नाही. तिच्या सांगण्यात एक मुलगी होती. पांढरा कोट न घातलेली, गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र, नाव शिवानी माणगावकर. ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर रक्षिताशेजारी येऊन बसली आणि आजाराबद्दल काही न विचारता घराबद्दल विचारायला लागली. पाणी कुठवर आलं होतं, पोती कुणी उचलली, पायात काय होतं, पाय कुठं धुतले, उंदीर दिसतात का, मांजर आहे का. रक्षिताला राग आला. नवरा आत मरायला टेकलाय आणि ही मांजर विचारते. तरी तिनं सांगितलं, की पायात काही नव्हतं, गोदामात आम्ही चप्पल घालत नाही. शिवानीनं विचारलं, का घालत नाही? कुणा डॉक्टरनं हा प्रश्न विचारला नसता. रक्षितानं लक्ष्मीचं सांगितलं तेव्हा ती मुलगी एकदम उठली आणि आत गेली.

ती एकटी नव्हती. पुरानंतरच्या तापांचा अभ्यास करणारा त्यांचा एक गट होता. डॉक्टर सौंदर्या त्यात होत्या; कृष्णात खाडे नावाचे जनावरांचे डॉक्टर होते; भूगोल शिकवणारे एक जण होते, ते पाणी कुठून कुठं गेलं याचे नकाशे करत; आणि माणसं कशी राहतात, काय पाळतात, कशाला घाबरतात हे बघणारी शिवानी. डॉक्टर खाडे त्याच दुपारी गोदामात जाऊन आले. सरकीच्या पोत्यांवरची उंदरांची घाण, भिंतीच्या कडेनं त्यांच्या ये-जा करण्याच्या तेलकट रेघा, कोपऱ्यात अजून साचलेलं पाणी, सगळं बघून त्यांनी तिथूनच फोन केला. उंदरांच्या लघवीतून पाण्यात उतरणारा, पायाच्या भेगेतून अंगात शिरणारा लेप्टो. डेंगी खोटा नव्हता. डेंगी होताच, पण त्याच्या आडोशाला दुसरा बसला होता. डेंगीवर मारा करणारं औषध नाही, सलाईन जपून द्यायचं आणि वाट बघायची. दुसऱ्याला औषध होतं, पण ते वेळेत पडायला हवं होतं. डॉक्टर सौंदर्यांनी तपासणीला रक्त पाठवलं आणि निकालाची वाट न बघता इंजेक्शन सुरू केलं. पाणी किती द्यायचं यावर वॉर्डाच्या दारात बराच वाद झाला म्हणे. एका आजाराला जास्त पाणी मारतं, दुसऱ्यात मूत्रपिंडं कमी पाण्यानं बसतात. त्या रात्रंदिवस खाटेपाशी येऊन थेंबांचा वेग बदलत राहिल्या. लघवी सुटली तेव्हा रक्षिता मोठ्यानं रडली, आणि त्या बाई, रक्षिताच्या शब्दांत, भिंतीला पाठ लावून खाली बसल्या.

त्याला घरी सोडलं त्या दिवशी डॉक्टर सौंदर्या रजेवर होत्या. रक्षितानं वॉर्डात पेढे वाटले. आभार मानायचे राहिलेत हे त्याला ठाऊक होतं. आज जाऊ, उद्या जाऊ, आधी अंगात ताकद येऊ दे, असं करत वर्ष गेलं. मनात मात्र तो रोज आभार मानत होता, आणि आता दुकानात बसून, समोर आलेल्या गिऱ्हाइकाला पेंड द्यायची की भरडा हे तिसऱ्यांदा विचारत असताना, त्याला वाटत होतं, की मनातलं ते मानणं म्हणजे आपल्यालाच बरं वाटावं म्हणून केलेली सोय होती. शिवाय आभार तरी एकट्या त्यांचे कसे? शिवानी बाकावर बसली नसती तर? खाडे डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी जाऊ म्हटलं असतं तर? आज्जीनं चप्पल काढायला शिकवलं म्हणून आजार आत शिरला आणि तेच सांगितलं म्हणून तो सापडला. तिचं काय करायचं? आपण जिवंत आहोत ते कुणा एकाच्या हातानं नव्हे, हे त्याला माहीत होतं, पण इतकं अंगाला भिडलेलं नव्हतं. त्याला जरा भीती वाटली. इतक्या हातांनी धरलेलं काहीतरी आपण वर्षभर सहज वागवत होतो. दुपारी त्यानं रक्षिताला फोन करून शिवानीचा नंबर मागितला. तिनं तो 'शिवानी ताप' म्हणून ठेवला होता.

शिवानीनं ओळखलं, आणि लगेच या म्हणाली. विद्यापीठातली ती खोली म्हणजे एका मोठ्या व्हरांड्याची बंद केलेली बाजू होती. भिंतीवर शहराचा आणि नदीचा नकाशा, त्यावर निळे आणि पिवळे ठिपके. निळे डेंगीचे, पिवळे लेप्टोचे. काही ठिकाणी ते एकमेकांवर पडून हिरवे झाले होते. शाहूपुरीत असे चार-दोन हिरवे ठिपके होते. त्यातला एक तो होता. तो कुठला, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. कोपऱ्यात उंदरांचे रिकामे पिंजरे रचलेले, टेबलावर भडंगाची पुडी. खाडे डॉक्टर होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर जोरात थाप मारली आणि गोदामाची पायरी उंच केली का, ते आधी विचारलं. केली म्हटल्यावर खूश झाले. मग ते आणि शिवानी त्याच्यासमोरच भांडायला लागले, की पेंडीच्या दुकानांना उंदरांचं सांगायचं तर ते जनावरांच्या डॉक्टरनं सांगावं की आणखी कुणी. ते भांडण जुनं असावं, कारण दोघांनाही दुसऱ्याचं पुढचं वाक्य ठाऊक होतं. शिवानी त्याला म्हणाली, की सुरुवातीला आम्हाला एकमेकांची भाषाच कळत नव्हती. डॉक्टर खाट बघायचे, खाडे सर जनावर बघायचे, मी घर बघायची. प्रत्येकाला आपलंच खरं वाटायचं. दोन आजार एका पाण्यातून, एकाच आठवड्यात, एकाच घरात येतात; त्यांना ठाऊक नसतं की त्यांचे विभाग वेगळे आहेत. शशिधर हसला. मग त्यानं जे बोलायला आला होता ते बोलायला सुरुवात केली, आणि ते त्याला नीट जमेना. तुम्ही सगळ्यांनी, म्हणाला, आणि थांबला.

शिवानीनं पाण्याचा ग्लास त्याच्यापुढं सरकवला. ती म्हणाली, आमच्या आधी एक बाई आहे. आभार तिच्यापासून मानायला लागतील. मग तिनं बयाबाई चौगुल्यांचं सांगितलं. गारगोटीजवळच्या, भाताच्या लावणीला जाणाऱ्या. एकोणीसच्या पुरात ताप आला, डेंगी निघाला, रस्ते पाण्याखाली, वळसे घालत कोल्हापूरला आणलं, आणि त्या गेल्या. डेंगीनंच गेल्या असं सगळ्यांनी धरलं. तेव्हा एक सापडला की दुसरा शोधायची रीत नव्हती. डॉक्टर सौंदर्या त्या वॉर्डात नव्या होत्या. डेंगीनं एवढी कावीळ कशी, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. बयाबाईंचं थोडं रक्त शीतपेटीत राहिलं होतं. ते पुन्हा तपासायचं तर घरच्यांची परवानगी हवी. डॉक्टर स्वतः गारगोटीला गेल्या. मुलगा, सयाजी, पाण्याच्या मोटारींचं रिवाइंडिंग करतो. त्यांना वाटलं होतं तो चिडेल. तो एवढंच म्हणाला, की आईचं रक्त अजून हाय म्हंता? मग बघा की. दोन्ही आजार निघाले. त्यानंतर त्यांनी खाडे डॉक्टरांना गाठलं, खाडेंनी आम्हाला, आणि हे सगळं सुरू झालं. शिवानी म्हणाली, "तुमच्या खाटेपाशी आम्ही जे विचारलं, ते त्यांच्या खाटेपाशी कुणी विचारलं नव्हतं. म्हणून तुम्हाला विचारलं." शशिधर नकाशाकडे बघत राहिला. तो नकाशा शहराचा होता, गारगोटी त्यात नव्हती.

रविवारी तो गारगोटीला गेला. घरात नुसतं काम आहे म्हणाला. एस.टी.तून जाताना दोन्ही बाजूंनी ऊस, मग ऊस विरळ होत भाताची खाचरं लागली, कापणीला आलेली, पिवळट. या खाचरांत पावसाळ्यात पोटरीएवढ्या चिखलात वाकलेल्या बायका त्यानं आयुष्यभर बघितल्या होत्या आणि कधीच बघितल्या नव्हत्या. मांडीवर सफरचंदांची पिशवी होती. निघताना काय न्यावं हे कळेना, तेव्हा आजारी माणसाला भेटायला जाताना नेतात ते त्यानं घेतलं होतं, आणि आता ती पिशवी त्याला लाज आणत होती. काय म्हणायचं? तुमची आई गेली म्हणून मी राहिलो? हे खरं होतं, आणि खरं असूनही तोंडानं म्हणता येण्यासारखं नव्हतं. त्या घरच्यांना त्याचा राग येईल, हे त्यानं धरलंच होतं. आला तर ऐकून घ्यायचं. कुणाच्या तरी मरणाच्या उजेडात आपला आजार दिसला. त्या घरात जाऊन आपण धडधाकट उभं राहणं हेच थोडं निर्लज्जपणाचं आहे. दोनदा त्याला वाटलं, पुढच्या थांब्यावर उतरून परतीची गाडी धरावी.

सयाजीचं दुकान बाजाराच्या कडेला होतं. तांब्याच्या तारांची भेंडोळी, उघडून ठेवलेल्या मोटारी, व्हार्निशचा वास. सयाजी पन्नाशीच्या अलीकडचा, अंगानं आडवा, बोटं काळी. शशिधरनं नाव सांगितलं, कोल्हापूरच्या डॉक्टर पट्टणशेट्टींचं नाव सांगितलं, गेल्या वर्षी आपल्याला काय झालं होतं ते सांगितलं. सयाजी हातातलं काम न थांबवता ऐकत होता. दोन्ही आजार होते, असं शशिधर म्हणाला तेव्हा त्याचे हात थांबले. त्यानं मान वर करून शशिधरकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग उठला, हात पुसले, दुकानावर फळी टाकली आणि म्हणाला, "चला घरला."

घर जवळच, गावाच्या कडेला. अंगणात बाज टाकलेली. सयाजीच्या बायकोनं पाणी आणलं, चहा आणला, सफरचंदांची पिशवी काही न बोलता आत नेली. पडवीत एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. सयाजी म्हणाला, आबा, आमचं वडील, कानानं पार गेल्यात.  शशिधरनं आभाराचं वाक्य जुळवायला घेतलं, तेवढ्यात सयाजी खाली बघत म्हणाला, "एक इचारू का? रागवू नगा."

"विचारा की."

"तुमी त्या तापात आत हुतासा तवा... कसं हुतं? माणसाला काय कळतंय का? ती डोळं उघडत न्हवती. डाक्टरांस्नी इचारलंतं मी. ते म्हणालं, सांगता येत न्हाय. खरंच हाय, त्यास्नी कसं सांगता यील. तितं जाऊन कोण परत आलंय?"

 आपण इथं द्यायला काहीच आणलं नाही असं शशिधरला वाटत होतं, आणि हा माणूस त्याच्याकडे असलेली एकमेव गोष्ट मागत होता. ती त्यानं वर्षभर कुणाला दिली नव्हती. दिली नव्हती कारण ती सांगितली की हलकी होईल, किंवा खोटी वाटेल, अशी त्याला धास्ती होती. तो हळूहळू बोलायला लागला. आधी दुखतं, म्हणाला, ते खोटं सांगणार नाही, फार दुखतं. मग दुखणं लांब जातं. असतं, पण शेजारच्या घरात भांडण चालू असावं तसं. तहान असते. हात उचलावा वाटतो, पण हात कुठं आहे ते सापडत नाही. पापण्या तर दुसऱ्या कुणाच्या असतात. आणि त्या सगळ्यात बायकोचा आवाज यायचा. ती कानाशी वाकून कन्नडमध्ये बोलत बसायची. देवाचं नाही, घरचं. सिलिंडर आला, नळाला पाणी दोनदा आलं, अप्पा गावाहून आलेत, जेवले, तुमच्या निळ्या शर्टाचं बटण लावलं. तिला वाटत होतं मला काही कळत नाही. ती स्वतःला धीर द्यायला बोलत होती. पण शब्द पोचत होते. बटणाचं पोचलं होतं. घरी आल्यावर मी गुपचूप तो शर्ट काढून बघितला, बटण लावलेलं होतं. एवढं बोलून तो थांबला, आणि मग सावरून म्हणाला, "मला ऐकू येत होतं. तुमच्या आईंना येत होतं का, ते मी कसं सांगू? पण आजार तेच होते. दोन्ही तेच."

सयाजी अंगणातल्या मातीकडे बघत होता. मग तो बोलला ते स्वतःशी बोलल्यासारखं. "आमची म्हस गाभण हुती. दिवस भरल्यालं. गाडीत घालून नेताना शुद्धीत हुती तवर आई तेच इचारत हुती, म्हशीजवळ कोण हाय, म्हशीजवळ कोण हाय. तितं पोचल्यावर बोलायची थांबली. दुसऱ्या दिशी घरनं फोन आला, म्हस व्याली. मला आत सोडलं तवा मी तिच्या कानात सांगितलं, आई, म्हस व्याली, रेडी झाली. तेवढंच. मग भाईर काढलं मला, आन् मग ती गेली." तो थोडं हसला. "लोक शेवटाला देवाचं नाव घेत्यात. मी म्हशीचं सांगितलं. वाटत ऱ्हायलं हुतं, काय बोललो आपण ह्ये. आन् ते बी तिला पोचलं का न्हाय."

शशिधर पेंडीच्या दुकानात वाढलेला. पहिलटकर म्हैस अडली तर माणसं कशी तोंड करून दुकानात येतात, आणि सुखरूप सुटली की तीच माणसं पेंड न्यायला कशी हसत येतात, हे तो पोरगा असल्यापासून बघत आला होता. तो म्हणाला, की याहून चांगली बातमी तुम्ही तिला दुसरी कुठली देणार होता? सयाजीनं त्याच्याकडे बघितलं आणि नाकातोंडावरून काळा हात फिरवला. मग एकदम उठून म्हणाला, "आमच्या आबास्नी सांगा की ह्ये. मी सांगून पटायचं न्हाय त्यास्नी. तुमी जाऊन आलाय."

शशिधर पडवीत जाऊन आबांसमोर बसला. आभाराचं वाक्य अजून आत तसंच होतं. तो त्यांच्या कानाशी वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, की आबा, मला तोच आजार झाला होता, आणि मला सगळं ऐकू येत होतं. म्हाताऱ्यानं सयाजीकडे बघितलं. "काय म्हंतोय पावणा?" सयाजी लांबून म्हणाला, मोठ्यानं, मोठ्यानं सांगा. जी गोष्ट त्यानं बायकोला अंधारातही सांगितली नव्हती ती आता ओरडून सांगायची होती. शशिधरनं छाती भरून घेतली आणि असं ओरडला, की समोरच्या अंगणात धान्य पाखडणाऱ्या बाईनं सूप थांबवून वर बघितलं. "आबा, ऐकू येतंय! त्या तापात माणसाला ऐकू येतंय! मला येत हुतं!"

 मग त्यांनी विचारलं, "रेडी झाली, ते?"

सयाजीला देताना त्यानं शब्द तोलून दिले होते. इथं त्याला तोलता आलं नाही, आणि तोलायची गरजही वाटली नाही. आपण खोटं बोलतोय असंही त्याला वाटलं नाही. "व्हय," तो ओरडला. "ते बी."

आबांनी मान हलवली, एकदा, आणि पुन्हा जरा वेळानं. शशिधरचं मनगट धरून ते उठले. हात सुरकुतलेला आणि गरम होता. सयाजीला म्हणाले, की पावण्याला रेडी दावलीस का न्हाय, आणि उत्तराची वाट न बघता त्याला घेऊन घरामागच्या गोठ्याकडे निघाले. सयाजीची बायको चुलीपाशी भाकरी थापायला बसली होती; जेवून जायचंय, असं तिनं आतूनच सांगितलं. गोठ्यात ओल्या वैरणीचा वास होता. आबांनी दावणीपाशी जाऊन रेडीच्या पाठीवर थाप मारली, तशी तिनं मान वळवून शशिधरकडे बघितलं. काळीभोर, रुंद कपाळाची, शिंगं मागं वळलेली. तिच्या पायांशी तिचं स्वतःचं पारडू उभं होतं. दुसऱ्या वेताची म्हैस झाली होती ती, पण घरात तिला सगळे अजून रेडीच म्हणत होते.